हाकेच्या अंतरावरचे आरोग्य

'पर्यावरणपूरक जीवनशैली', 'शाश्वत विकास', 'स्थानिकाचा आग्रह' हे शब्द अलीकडे वर्तमानपत्रांत आणि व्याख्यानांत वारंवार कानी पडतात. सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना त्यांत फारसे नवे काही वाटत नसेल. कापडी पिशवी घेऊन बाजाराला जाणे, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे, सुगीच्या दिवसांत वर्षाचे धान्य भरून ठेवणे, भाजीची देठे आणि साली गाईपुढे टाकणे, यांत आपले अर्धे आयुष्य गेले. तेव्हा त्याला कोणी पर्यावरणरक्षण म्हणत नसे. तो काटकसरीचा संसार होता.

परंतु जुन्या दिवसांचे गुणगान हा या लेखाचा हेतू नाही. त्याच दिवसांत चुलीच्या धुराने कित्येक स्त्रियांना कायमचा दम्यासारखा विकार जडला आणि दूषित पाण्याने गावेच्या गावे जुलाबाने आजारी पडत, हेही तितकेच खरे आहे. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. जवळच्या धान्यावर, जवळच्या बाजारावर आणि जवळच्या माणसांवर विसंबून जगण्याने उतारवयातील शरीराला आणि मनाला आज नेमका काय लाभ होतो, आणि सावध कोठे राहावे? पंचवीसहून अधिक वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय केल्यावर माझे मत असे झाले आहे, की म्हातारपणातील प्रकृतीचे बरेचसे गणित घरापासून हाकेच्या अंतरावर काय आहे यावर ठरते. आणि ते गणित सुटले की इंधन, प्लास्टिक आणि हवा यांचीही आपोआप बचत होते.

पावलांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी असे सांगितले आहे. पासष्टीपुढील व्यक्तींनी त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत, अशीही शिफारस आहे. हा आकडा ऐकताच अनेक ज्येष्ठ हात जोडतात. "डॉक्टर, या वयात आता व्यायामशाळेत का जायचे?" असे ते विचारतात.

मी त्यांना एक साधा हिशेब सांगतो. आपल्या घरापासून अकरा मिनिटांच्या अंतरावर दुधाचे, भाजीचे किंवा किराण्याचे दुकान आहे असे समजा. रोज जाण्याची अकरा आणि येण्याची अकरा मिळून बावीस मिनिटे झाली. सात दिवसांची १५४ मिनिटे होतात. एवढ्या चालण्यात दीडशे मिनिटांचे उद्दिष्ट पूर्ण होते. त्यासाठी वेगळे कपडे, वेगळी वेळ आणि वर्गणी काही लागत नाही. चालीची गती कशी ओळखावी? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्वास वाढला की ती मध्यम गती समजावी.

एखाद्या कामासाठी चालणे हे फेरीसाठी चालण्यापेक्षा अधिक टिकते, असा माझा अनुभव आहे. नुसती फेरी पावसाने, कंटाळ्याने किंवा सोबत नसल्याने चुकते. दूध मात्र आणावेच लागते. शिवाय या लहानशा कामात अनेक गोष्टी एकाच वेळी घडतात. काय आणायचे ते लक्षात ठेवावे लागते. मोड मोजावी लागते. वाटेतील खड्डा, पायरी आणि दुचाकी चुकवताना तोल आणि नजर यांचा सराव होतो. चार माणसांशी बोलणे होते. या सर्व क्रिया मेंदूचाही व्यायामच आहेत.

आता घरोघरी भ्रमणध्वनीवरून सामान मागवले जाते आणि ते दहा-पंधरा मिनिटांत दारात येते. ज्यांना खरोखरच बाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी ही सोय म्हणजे वरदान आहे. पण ज्यांचे पाय अद्याप चालते आहेत, त्यांच्या पायांचे काम आपण प्रेमापोटी काढून घेत आहोत काय, हे मुलांनी आणि सुनांनी स्वतःला विचारावे. म्हातारपणी स्नायू फार लवकर झिजतात. निरोगी वृद्ध व्यक्ती दहा दिवस अंथरुणावर पडून राहिली, तरी मांड्या आणि पोटऱ्या यांचे वस्तुमान लक्षणीय कमी होते. गेलेले बळ परत यायला मात्र अनेक आठवडे लागतात. म्हणून 'आई, तू बस, मी मागवते' या वाक्यातील माया योग्य असली, तरी त्याचा परिणाम दर वेळी योग्य असतोच असे नाही.

बाहेर पडताना काही पथ्ये पाळावीत. पायांत घट्ट बसणारी, मागे पट्टा असलेली आणि न घसरणाऱ्या तळाची पादत्राणे असावीत. गुडघा किंवा तोल कमजोर असेल, तर काठी घेण्यात संकोच नको. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी खुर्चीतून उठल्यावर क्षणभर थांबून मग पाऊल टाकावे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा अधिक धाप किंवा भोवळ जाणवली, तर तेथेच थांबून मदत मागावी. 'घरी जाऊन पाहू' असे म्हणू नये.

ताटातला ऋतू

आहाराच्या बाबतीत स्थानिक पदार्थांविषयी दोन टोकांची मते आढळतात. काहींना परदेशी फळ आणि परदेशी धान्य हेच पौष्टिक वाटते. काहींना 'गावठी' हा शब्द लागला की पदार्थ औषधी वाटतो. दोन्ही समजुती तपासून पाहाव्यात.

आजाऱ्याला भेटायला जाताना हल्ली किवी नेण्याची पद्धत पडली आहे. किवीत क जीवनसत्त्व चांगले असते, सुमारे शंभर ग्रॅममध्ये नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या पेरूत ते शंभर ग्रॅमला साधारण दोनशे मिलिग्रॅम असते. आवळ्यातही ते विपुल असते. थंडीच्या दिवसांत पेरू गल्लीच्या तोंडाशी पाटीवर मिळतो. दात नसतील, तर तो किसून किंवा बिया काढून गर करून देता येतो. तेव्हा महाग फळ आणता आले नाही म्हणून कोणत्याही मुलाने अपराधी वाटून घेऊ नये.

धान्यांचेही तसेच. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारी, बाजरी, नाचणी यांना एकाएकी प्रतिष्ठा आली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असते. नाचणीतील सगळे कॅल्शियम शरीरात शोषले जात नाही हे खरे, तरी ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यासाठी ती चांगली सोबतीण आहे. मोड आणून केलेल्या नाचणीच्या सत्त्वातून खनिजे अधिक सुलभतेने मिळतात. ज्वारीत पॉलिश केलेल्या तांदळाच्या तिपटीहून अधिक तंतू असतात, त्यामुळे ज्येष्ठांच्या नेहमीच्या बद्धकोष्ठाच्या तक्रारीवर तिचा उपयोग होतो.

शेतीच्या अंगानेही ज्वारीची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तेथील काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलाव्यावर, फारसे ओलीत न करता पिकते. कडबा जनावरांना होतो. ज्या प्रदेशात पाण्याचे टँकर फिरतात, तेथे असे पीक टिकणे हे शेतकऱ्याच्या आणि जमिनीच्याही हिताचे आहे. आपण आठवड्यातून चार दिवस भाकरी खाल्ली, तर त्या पिकाला गिऱ्हाईक राहते.

आता सावधगिरी. भाकरी म्हणजे साखरविरहित पदार्थ असा मधुमेहींचा समज असतो. तो खरा नाही. ज्वारीतही पिष्टमय भाग भरपूर असतो. तीन भाकरी खाल्ल्या तर रक्तातील साखर वाढणारच. भाकरी एक किंवा दीड असावी आणि तिच्याबरोबर डाळ, उसळ, अंडे किंवा मासळी आणि भाजी असावी. वयोवृद्धांच्या आहारात प्रथिने नेहमीच कमी पडतात. कुळीथ, मटकी, चवळी ही आपली कडधान्ये त्यासाठी उत्तम आहेत. चावणे अवघड असेल, तर कुळथाचे पिठले, ज्वारीच्या कण्या, आंबील किंवा दुधात कुस्करलेली भाकरी द्यावी. घास गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर मात्र पदार्थ बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

किनारपट्टीवरील वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. हृदयासाठी ओमेगा-३ स्निग्धाम्ले हवीत म्हणून परदेशी मासळी शोधण्याचे कारण नाही. बांगडा आणि तारली यांत ती चांगल्या प्रमाणात असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ असतो. त्या दोन महिन्यांत सुक्या मासळीवर भर पडतो. तिच्यात मीठ फार असते. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती अगदी बेताने, भिजवून आणि पाणी टाकून देऊनच खावी.

पावसाळ्यात टाकळा, करटोली, शेवळे अशा रानभाज्या बाजारात येतात. त्या अवश्य खाव्यात. पण ओळखीच्या आणि जाणकार विक्रेत्याकडूनच घ्याव्यात. शेवळ्याला आणि अळूला खाज असते, म्हणून त्यांत चिंच, कोकम किंवा काकडाची फळे घालण्याची जुनी रीत सोडू नये. रानातली अळंबी आपल्या अंदाजाने खुडून खाणे जिवावर बेतू शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. आठवडाभर अजिबात नाही आणि मग एकदम रोज, असे केल्याने औषधाचा परिणाम बदलतो. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी शहाळ्याचे पाणी आणि फळांचे रस 'नैसर्गिक' म्हणून मनाने सुरू करू नयेत. त्यांतील पोटॅशियम अशा रुग्णांच्या हृदयाला घातक ठरू शकते.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही एक गैरसमज दूर करायला हवा. अन्न दुरून आले म्हणजे प्रदूषण फार, असे सरसकट म्हणता येत नाही. बहुतेक अन्नपदार्थांच्या बाबतीत वातावरणावरचा मोठा भार ते पिकवण्यात पडतो. वाहतुकीचा वाटा लहान असतो. विमानाने येणारे नाशिवंत पदार्थ हा अपवाद. तेव्हा आगगाडीने किंवा मालमोटारीने आलेले हिमाचलचे सफरचंद आजोबांनी आवडीने खाल्ले तर त्यात काही गैर नाही. खरी हानी वाया जाणाऱ्या अन्नाने होते. शीतकपाटात आठवड्याची भाजी कोंबून त्यातली अर्धी टाकून देण्यापेक्षा एक-दोन दिवसांपुरती ताजी भाजी आणणे चांगले. आणि ती आणायला चालत जावे लागते, हा वरचा लाभ.

सावली आणि हवा

एप्रिल-मे महिन्यांत ज्येष्ठांचे बाहेर पडणे थांबते ते गुडघ्यांमुळे कमी आणि रस्त्यावर सावली नसल्यामुळे अधिक. वयानुसार तहान कमी लागते, घाम येण्याची क्षमता मंदावते आणि लघवी वाढवणाऱ्या काही औषधांमुळे शरीरातील पाणी व क्षार आधीच कमी झालेले असतात. त्यामुळे उष्माघात वृद्धांना लवकर गाठतो. अहमदाबादने २०१० सालच्या भीषण उन्हाळ्यात अनेक बळी गेल्यानंतर २०१३ मध्ये शहरासाठी उष्णता कृती आराखडा तयार केला. भारतात असा तो पहिलाच होता. पूर्वसूचना, पाणी, सावलीची ठिकाणे आणि डॉक्टरांची तयारी ही त्यातील सूत्रे आपल्या गल्लीपुरतीही अमलात आणता येतात.

उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन या वेळेत बाहेर पडू नये. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, ताक किंवा पन्हे घ्यावे. मधुमेहींनी पन्ह्यात साखर-गूळ टाळावा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे माप ठरवून दिलेले असेल, तर उन्हाळ्यात ते बदलावे काय, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध आणि चाल अडखळती झाली, तर तो उष्माघात समजून व्यक्तीला सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

दूरच्या जंगलासाठी आपण फार काही करू शकत नाही. पण आपल्या वाटेवरच्या कडुनिंबासाठी आणि करंजासाठी नक्कीच करू शकतो. बुंध्याभोवती घातलेला सिमेंटचा वेढा काढायला लावणे, उन्हाळ्यात धुण्याचे उरलेले साधे पाणी रोपाला घालणे, वाहनतळासाठी झाड तोडण्याचा प्रस्ताव सोसायटीच्या सभेत आला तर उभे राहून विरोध नोंदवणे, ही कामे ज्येष्ठांइतकी चिकाटीने दुसरे कोणी करत नाही.

हवेचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी असे सुचवले. आपल्या देशातील मानक ४० आहे. मोठ्या प्रदूषणावर आपला ताबा नाही, पण कोपऱ्यावर सकाळी जळणारा पालापाचोळा आणि प्लास्टिक हे अगदी आपल्या नाकापाशी घडत असते. दमेकऱ्यांना रात्री जो खोकला सुटतो, त्याचे मूळ पुष्कळदा तेथे असते. तोच पाला खड्ड्यात किंवा जाळीच्या पिंपात साठवला, त्यात घरचा ओला कचरा मिसळला, की काही महिन्यांत उत्तम खत होते. हे काम करताना हातमोजे आणि पायांत बूट असावेत. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. जड कुंड्या एकट्याने उचलू नयेत. कंबरेचे दुखणे बागेपेक्षा महाग पडते. कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणी आठवड्यातून एकदा न विसरता ओतून टाकावे, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

गावी राहावे की मुलांकडे जावे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्यापुढे येऊन बसणाऱ्या कुटुंबांत हा प्रश्न औषधांपेक्षा अधिक वेळा निघतो. आई-वडील तालुक्याच्या गावी, मुले पुण्या-मुंबईत किंवा त्याहून दूर. वडील एकदा न्हाणीघरात घसरतात किंवा आई गॅस बंद करायला विसरते. लगेच मुलगी विचारते, "डॉक्टर, आता यांना आमच्याकडे नेऊ का?" बाजूला बसलेले वडील खाली पाहत असतात.

याचे एकच एक उत्तर नाही. मी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. शहरात नेलेल्या काही ज्येष्ठांची प्रकृती सुधारली; औषधे वेळेवर मिळाली, नातवंडांनी घर भरले. काहींची प्रकृती मात्र काळजीत काही उणे नसताना खालावली. बाराव्या मजल्यावरचे घर, खाली भरधाव रस्ता, ओळखीचे कोणी नाही, भाषा वेगळी. सहा महिन्यांत चालणे खोलीपुरते उरले, भूक मंदावली, झोप उलटसुलट झाली. नवे आजार कोणते जडले म्हणून तपासण्या झाल्या आणि त्यांत फारसे काही निघाले नाही. त्या व्यक्तीचे पायी पोहोचता येण्याजोगे जग हरवले होते, एवढेच. दुसरीकडे, 'घर सोडणार नाही' या हट्टापायी एकटे राहिलेले आणि पडल्यावर रात्रभर फरशीवर पडून राहिलेले रुग्णही मी तपासले आहेत. म्हणून भावनेच्या भरात कोणत्याही बाजूने निर्णय घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ती ३३ शहरांतील ज्येष्ठांशी बोलून तयार झाली होती. त्यांनी मागितल्या त्या गोष्टी साध्या होत्या: बसायला बाक, चालण्याजोगा पदपथ, स्वच्छ स्वच्छतागृह, ओळखीची माणसे. पुढे २०१६ मध्ये पॅरिसमधील प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी 'पंधरा मिनिटांचे शहर' ही कल्पना मांडली. रोजच्या गरजेचे सारे काही पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटांत गाठता यावे, असे तिचे सूत्र. आपल्या जुन्या पेठा, आळ्या आणि वाड्या वेगळे नाव न घेता असेच जगत होत्या.

निर्णय घेण्यापूर्वी कुटुंबाने दोन्ही ठिकाणांसाठी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

पहिला प्रश्न: घरातून निघून, वाहनाशिवाय, ही व्यक्ती स्वतः कोठे कोठे पोहोचू शकते? दुकान, देऊळ, वाचनालय, बाग, दवाखाना यांपैकी काय पायी गाठता येते?

दुसरा प्रश्न: रात्री दोन वाजता हाक मारली तर कोण येईल, आणि किती मिनिटांत? येथे 'पुतण्या आहे' असे मोघम उत्तर चालणार नाही. त्या पुतण्याकडे घराची किल्ली आहे काय, हेही लिहावे.

तिसरा प्रश्न: दिवसभरात घराबाहेरील किती माणसांशी बोलणे होते? एकाकीपणाचा प्रश्न इतका गंभीर मानला जातो, की जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक नात्यांविषयी स्वतंत्र आयोग नेमला.

चौथा प्रश्न: औषधे, अंघोळ, स्वयंपाक आणि पैशांचे व्यवहार यांपैकी कशासाठी रोज मदत लागते? विसराळूपणामुळे गॅस, औषधे किंवा वाट चुकणे वारंवार घडत असेल, तर एकटे राहणे सुरक्षित नाही, हे मान्य करावे.

पाचवा, आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: त्यांची स्वतःची इच्छा काय आहे? हा प्रश्न त्यांनाच, एकांतात आणि उत्तर ऐकून घेण्याच्या तयारीने विचारावा.

उत्तरे गावाच्या बाजूने झुकली, तर तेथील जग भक्कम करावे. न्हाणीघरात पकडायला दांड्या आणि न घसरणारी फरशी, रात्री जळणारा मंद दिवा, शेजाऱ्याकडे किल्ली, दूधवाल्याला किंवा वृत्तपत्रवाल्याला 'दोन दिवस दार उघडले नाही तर फोन करा' अशी विनंती. दाराशी येणारी ही माणसे उत्तम पहारेकरी असतात. त्यांच्याकडून दूध आणि वृत्तपत्र घेत राहणे ही सुरक्षिततेतील गुंतवणूक आहे, असे समजावे.

उत्तरे शहराच्या बाजूने झुकली, तर घर एकदम मोडू नये. आधी दोन महिने राहून पाहावे. नव्या ठिकाणी पहिल्या पंधरवड्यात सोबत चालून तीन गोष्टी शोधून द्याव्यात: बसण्याचा एक बाक, ओळखीचे होईल असे एक दुकान आणि बोलणारे एक समवयस्क माणूस. घरातले एखादे रोजचे काम, भाजी आणण्याचे किंवा नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडण्याचे, त्यांच्याकडेच सोपवावे. गावातील डॉक्टरांकडून आजारांचा सारांश आणि औषधांची यादी लिहून घ्यावी, म्हणजे नव्या डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

औषधांचा डबा

शेवटी थोडे औषधांविषयी. 'स्थानिक' या नावाखाली गुडघेदुखीची बिननावाची पूड किंवा मधुमेहाचा गावठी काढा घेण्याचे प्रकार सर्रास चालतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा जड धातू असू शकतात. आराम फार झटपट पडला, तर संशय अधिक घ्यावा. औषधे शक्यतो ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून, महिन्याच्या हिशेबाने घ्यावीत. खर्च पेलत नसेल, तर जवळच्या जनऔषधी केंद्रात तेच घटक असलेले औषध मिळते काय, ते डॉक्टरांना विचारून पाहावे. उरलेल्या गोळ्या, विशेषतः प्रतिजैविके, शौचकुपात किंवा मोरीत टाकू नयेत. त्यांचे अंश नाल्यावाटे नदीत जातात. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात साठवाव्यात, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांचे हात जखमी होत नाहीत. त्यांची आणि मुदत संपलेल्या औषधांची विल्हेवाट कशी लावावी, हे दवाखान्यात विचारून घ्यावे.

या पंधरवड्यात एक काम करावे. कोऱ्या कागदाच्या मधोमध आपले घर काढावे. भोवती आपण पायी पोहोचू शकतो ती ठिकाणे, वाटेतील बाक, सावलीची झाडे, अडचणीच्या पायऱ्या आणि जेथे दार ठोठावता येईल अशी घरे मांडावीत. तब्येत, वय आणि हंगाम यांनुसार हा नकाशा आक्रसतो किंवा पसरतो. तो आक्रसू लागला असेल, तर कोठे आणि कशामुळे, हे त्यावरून स्पष्ट दिसेल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रक्ताच्या अहवालांबरोबर हा कागदही घेऊन जावा.